जवळची खूण

काटाबाईंना हे नाव बाजाराने दिलं होतं. वजनमापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत त्यांची सत्तावीस वर्षं गेली होती, आणि त्या दुकानात शिरल्या की पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा म्हणे भीतीनेच गळून पडायचा. घरीही स्वभाव तोच. नवरा फोनवर "पाच मिनिटांत आलो" म्हणाला की त्या मनात "म्हणजे बावीस" म्हणत आणि सतराव्या मिनिटाला चहाचं आधण ठेवत. चहा कधी निवला नाही.

अशा बाईच्या नोंदीत खोट सापडणं कठीण. पण त्या मंगळवारी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून त्यांनी फोनवर स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट उघडला, आणि पाचव्या पत्त्यापाशी त्यांचं बोट थांबलं.

रिपोर्ट हवा होता घरासाठी. त्यांचे यजमान लिफ्ट दुरुस्त करायचे; सगळं गाव त्यांना मिस्त्री म्हणायचं. तीस वर्षं मिस्त्रींनी लोकांना वरखाली नेलं आणि स्वतः राहिले चौथ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आता त्यांचे गुडघे प्रत्येक पायरीला हरकत घेत होते. म्हणून लिफ्ट असलेल्या इमारतीतलं दोन खोल्यांचं घर ठरलं, दोघांच्या नावावर कर्ज ठरलं, आणि शुक्रवारी दोघांनी बँकेत यायचं ठरलं.

बाकी रिपोर्ट आरशासारखा होता. एक हप्ता चुकलेला नाही, एक बिल थकलेलं नाही. खाली "पत्ते" असा मथळा आणि सहा ओळी. वसतिगृह, खोली अकरा. लॉन्ड्रीच्या वरची खोली, जिच्या भिंती बारा महिने कोमट असत. लग्नानंतरच्या दोन भाड्याच्या जागा. शेवटी हा चौथा मजला. आणि त्याच्या आधी, पाचवा: दादाचं घर. नोंद एकोणीस वर्षांपूर्वीची, नऊ तारखेची. प्रकार: कायमचा.

त्या एका शब्दाने घात केला होता.

त्याचं असं झालं. प्रयोगशाळेच्या जुन्या प्रमुखांनी निवृत्त होताना काटाबाईंना पितळी वजनांचा संच भेट दिला होता. मखमलीच्या खाचांत बसवलेली आठ वजनं आणि ती उचलायला एक चिमटा. काटाबाई त्यांना उघड्या बोटांनी कधी शिवल्या नाहीत. बोटांचा ओशटपणा पितळावर बसतो आणि तोही तोलात येतो. एका रविवारी त्या बाहेरून आल्या तर मिस्त्री भिंतीत खिळा ठोकत होते. हातोडी कामावर राहिली होती. हातात होतं अर्ध्या किलोचं वजन, आणि टांगायचा होता दोघांच्या लग्नाचा फोटो.

"अगं, पितळच आहे," मिस्त्री म्हणाले. "झिजलं थोडंच?"

काटाबाईंनी दुसऱ्या दिवशी ते तोलून पाहिलं. तीनशे चाळीस मिलिग्रॅम झिजलं होतं.

रागावून माहेरी जाणारी माणसं पिशवीत कपडे कोंबतात आणि दार आपटतात. काटाबाईंनी कपडे घडी घालून ठेवले, दार हळूच ओढलं, आणि दादाकडे जाताना वाटेत बँकेत उतरून पत्ता बदलण्याचा अर्ज भरला. जायचं तर रीतसर जायचं. अर्जात दोन चौकोन होते, 'तात्पुरता' आणि 'कायमचा'. बाकीच्या बायका भांडी आपटतात. काटाबाईंनी दुसऱ्या चौकोनात बरोबरचं चिन्ह केलं.

नवऱ्याला मात्र सांगितलं, वहिनीचा पाय मोडलाय, बघायला कोणी नाही. रागाचं कारण मिलिग्रॅममध्ये सांगायची लाज वाटली.

अकराव्या दिवशी त्यांनी राग पुन्हा तोलून पाहिला. तोही साधारण तीनशे चाळीस मिलिग्रॅमच भरला. त्या परत आल्या. दारातच मिस्त्रींची भरलेली बॅग होती. बाहेरगावी लिफ्ट बसवायला निघालो होतो, म्हणाले, पण काम रद्द झालं. काटाबाईंनी बँकेत पत्ता पुन्हा बदलला. विषय मिटला.

आता मात्र पंचाईत होती. मोडक्या पायाच्या वहिनीकडे माणूस तात्पुरतं जातं, कायमचं जात नाही. शुक्रवारी हा कागद मिस्त्रींसमोर वाचला जाणार, आणि 'ही बाई आपल्याला सोडून गेली होती' हे त्यांना बँकेच्या खुर्चीत बसून कळणार.

काटाबाईंनी रिपोर्टवरचा मदतीचा नंबर फिरवला.

"जुना पत्ता काढून टाकायचा आहे," त्या म्हणाल्या.

"चुकीचा आहे का, मॅडम?" पलीकडची मुलगी उत्साही होती.

"जुना आहे."

"जुने राहतातच हो. माझ्यासुद्धा रिपोर्टमध्ये आत्याचं घर आहे, आणि आत्याशी आता बोलणंही नाही. पण चुकीचा असेल तर तक्रार घेते. 'मी तिथे कधीच राहिले नाही' एवढं म्हणा. म्हणताय ना?"

काटाबाईंनी तोंड उघडलं. सत्तावीस वर्षं त्यांनी दुकानदारांना खोटं वजन ठेवू नका म्हणून दम दिला होता. ते सगळे दुकानदार ओळीने स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले.

"राहिले होते," त्या म्हणाल्या. "अकरा दिवस."

"मग बरोबरच आहे की!" मुलगी आनंदाने म्हणाली. "आणखी काही मदत?"

बुधवारी संध्याकाळी काटाबाई दादाकडे गेल्या. दादा घड्याळं दुरुस्त करायचा; एका डोळ्याला भिंग लावून तो टेबलाशी वाकला होता. वहिनी जिन्यावरून दोन बादल्या घेऊन आल्या आणि काटाबाईंना पाहताच सवयीने लंगडल्या.

"मी एकटीच आहे," काटाबाई म्हणाल्या.

"मग आधी नाही का सांगायचं, वन्सं!" वहिनी सरळ झाल्या. "एकोणीस वर्षं झाली, माझा पाय काही बरा होत नाही. भावजी आले की सुरू. मागच्या खेपेला डावा की उजवा तेच मी विसरले. म्हटलं, चूक नको, दोन्ही पायांनी लंगडावं."

"ते काही म्हणाले?"

"म्हणाले, वहिनी, दुखणं फिरतंय वाटतं."

काटाबाईंनी सगळा प्रकार सांगितला. शुक्रवारी मिस्त्रींनी विचारलंच, तर पाय फार वाईट मोडला होता, डॉक्टरांनी आशा सोडली होती, असं दोघांनी सांगायचं.

"पायाची?" दादाने भिंग काढलं.

"पायाचीच. म्हणून मी कायमची आले होते."

"अगं, पण जावईबापूंनीसुद्धा त्या वेळी..." दादाने सुरुवात केली, आणि वहिनींनी चहाची बशी त्याच्या पुढ्यात अशी आदळली की टेबलावरचे तीन स्क्रू उडाले.

"तुम्ही तुमचं घड्याळ बघा. शब्द दिलाय ना कुणाला?"

एरवी काटाबाईंनी असला अर्धवट तुटलेला धागा सोडला नसता. पण त्या दिवशी त्यांचं सगळं लक्ष स्वतःच्याच चौकोनात अडकलं होतं. मिस्त्रींचा रिपोर्ट उघडून बघावा हेही त्यांना सुचलं नाही. मिस्त्रींचे अर्ज लग्नापासून त्याच भरत. मिस्त्री फक्त सही करत, आणि तीही बोट दाखवलं तिथे. त्यात नवीन काय निघणार?

शुक्रवारी मिस्त्रींनी इस्त्रीचा शर्ट घातला. बँकेच्या लिफ्टमध्ये त्यांनी कान टवकारले. "ब्रेकची गादी गेलीय," ते म्हणाले. "येताना सांगू यांना."  काटाबाईंना आपलीही गादी गेल्यासारखी वाटत होती.

कर्जाचा साहेब वयाने भाच्याएवढा होता. त्याने दोघांना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, आणि पडद्याकडे वळला.

"रिपोर्ट छान आहेत. फक्त जुने पत्ते एकदा जुळवून घेतो, आमचा नियम आहे. मॅडम, वसतिगृह?"

"हो."

"लॉन्ड्रीच्या वर?"

"हो. आणि पुढचे दोन भाड्याचे, तेही बरोबर. पाचवा जुना आहे. वहिनीचा पाय मोडला होता."

"पायाचं इथे काही नाही, मॅडम," साहेब म्हणाला. "इथे नुसतं 'कायमचा' आहे."

झालं. काटाबाईंनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. मिस्त्री टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते. चेहरा वाचता येत नव्हता.

"पण त्यात अडचण काहीच नाही," साहेब पुढे म्हणाला. "सरांच्या रिपोर्टमध्येही तोच पत्ता आहे ना. कायमचा. तुमची नोंद नऊ तारखेची, सरांची अठराची. एकत्रच राहत होतात. फक्त सर, तुमच्या पत्त्यात टायपिंगची एक चूक दिसते." त्याने पडदा त्यांच्याकडे फिरवला.

काटाबाईंनी चष्मा वर सरकवला. दादाच्या इमारतीचं नाव होतं, तिसरा मजला, गॅलरीच्या टोकाची खोली. आणि पुढे, कुणा प्रामाणिक कारकुनाने अर्जात होतं तसं उतरवलेलं: जवळची खूण, बायको.

काटाबाईंनी ओळीवर बोट ठेवून ती पुन्हा वाचली. 

"रकाना होता तसा," मिस्त्री शेवटी म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "जवळची खूण म्हणून. मला तिथलं दुसरं काही माहीत नव्हतं."

"तुम्ही अर्ज भरलात?" काटाबाई म्हणाल्या. बाकीचं सगळं मागे राहिलं आणि हेच आधी तोंडातून निघालं. "स्वतः?"

"तीन कागद फुकट गेले."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"तिसऱ्या दिवशीच आलो होतो तुला बघायला. खाली पोचलो तर तुझ्या वहिनी दोन बादल्या घेऊन जिना चढताना दिसल्या. माझ्यापेक्षा भरभर." मिस्त्रींनी पेपरवेट उचलला, काटाबाईंकडे पाहिलं आणि घाईने परत ठेवला. "तसाच मागे फिरलो. येऊन म्हणणार काय, घरी चल? त्या घरात तो खिळा होता. मग अठरा तारखेला बँकेत गेलो, तर खिडकीवरचा म्हणाला, बाईंनी पत्ता बदललाय, तुमचा पण बदलायचा का? म्हटलं, बदला. ती येत नाही तर आपण जाऊ."

"आणि ती बॅग? बाहेरगावचं लिफ्टचं काम?"

"तुझ्या दादाच्या इमारतीत कुठे लिफ्ट आहे? दोन दिवस बॅग भरत होतो. तेवढ्यात तूच आलीस." ते थांबले. "माझं चेकबुक मात्र दादांकडे गेलं. त्यांनी गुपचूप आणून दिलं. कुणाला सांगणार नाही म्हणाले."

"एकोणीस वर्षं तुम्ही त्या बिचारीला लंगडू दिलंत?"

"तू त्या पायाची इतकी काळजी करायचीस," मिस्त्री म्हणाले, "मला मधे पडवेना."

काटाबाईंना हसू आलं, पण त्याआधी एक काम राहिलं होतं. नोंद अपुरी ठेवणं त्यांना जमत नसे.

"तीनशे चाळीस मिलिग्रॅम होतं ते," त्या म्हणाल्या.

"काय?"

"वजन. झिजलं होतं. म्हणून गेले होते."

मिस्त्रींनी विचार केला. "म्हणजे साधारण केवढं?"

"तांदळाचे पंधरा दाणे."

"पंधरा दाण्यांसाठी कायमचं?"

"पंधरा दाण्यांसाठी."

"बरं झालं मी किलोचं नाही घेतलं हातात," मिस्त्री म्हणाले, आणि तेव्हा मात्र काटाबाई इतक्या हसल्या की शेजारच्या टेबलावरच्या माणसाने मान वर करून पाहिलं.

साहेब खाकरला. त्याला पुढची माणसं दिसत होती. "मग ही टायपिंगची चूक दुरुस्तीला टाकू ना? हवं तर दोघांच्या जुन्या पत्त्यांसाठीच अर्ज करता येईल."

"चूक कुठे आहे?" काटाबाई म्हणाल्या. "नोंद बरोबर आहे. राहू दे."

साहेबाने नव्या घराचा अर्ज पुढे केला. काटाबाईंचा हात सवयीने पेनाकडे गेला, पण पेन मिस्त्रींनी आधीच उचललं होतं. ते वाकून, जीभ दातांत धरून लिहू लागले. अक्षर ओळीवरून घसरत होतं, मजल्याचा आकडा शेजारच्या रकान्यात शिरला होता. काटाबाईंनी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले. शेवटच्या रकान्यापाशी मिस्त्री थांबले.

"जवळची खूण. आता काय लिहू?"

"लिफ्ट लिहा. सापडायला सोपी."

त्यांनी लिहिलं. काटाबाईंनी कागद आपल्याकडे ओढला, वाचला, आणि कपाळाला आठी घातली.

"अपुरं आहे," त्या म्हणाल्या. पेन घेऊन त्यांनी 'लिफ्ट'च्या पुढे बारीक, सरळ अक्षरांत आणखी चार शब्द लिहिले आणि खाली सही केली.

साहेबाने कागद उलटसुलट करून पाहिला. "लिफ्ट, बहुधा उघडलेली, आत नवरा," तो हळू आवाजात वाचत गेला. "मॅडम, हे असंच टाइप करू?"

"असंच," काटाबाई म्हणाल्या. "आणि 'बहुधा' गाळू नका. काही दिवस ते कामावरही जातील."