लाल चौकड्यांची दुलई

रोस्वीताने माहेरी जायचा बेत आखला तेव्हा वेरेना पोटात होती. आता वेरेनाला चार दात आले, तरी बेत उंबरठ्याबाहेर पडला नव्हता.

सरोवराकाठच्या त्या सपाट मुलखात तिला काही कमी नव्हतं. नवरा, गेर्नोट, गुणाचा; घर उजेडाचं; दारापासून द्राक्षमळे. नव्हता तो फक्त डोंगर. पोरीला खांद्यावर थोपटत ती खिडकीशी उभी राही आणि नजर कुठेच न अडता थेट आभाळाला लागे. माहेरी, हिंटरलानला, तिच्या खोलीतून बघितलं की नजर कशी समोरच्या सुळक्यावर जाऊन टेकायची, दमलेलं माणूस भिंतीला पाठ टेकतं तशी. एकदा, फक्त एकदा त्या खोलीत वेरेनाला निजवायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

पण हिंटरलानचं माहेर म्हणजे पाहुण्यांचं घर. बर्फ धरलं की घरची माणसं आपल्याच खोल्या सोडून स्वयंपाकघरात, माळ्यावर, जागा मिळेल तिथे पथारी टाकतात आणि वर स्की खेळायला आलेले परके लोक घोरतात. रोस्वीताही दर हिवाळ्यात बाहुली काखेत मारून खाली यायची. त्याचं तेव्हा काही वाटत नसे. आता वाटत होतं.

ईस्टर झाल्यावर तिने फोनवर विचारलं, "आई, येऊ का गं?"

"आत्ता? स्कीची लिफ्ट बंद, हॉटेलवाले कुलपं लावून समुद्रावर गेलेत. तान्ह्या पोरीला काय वितळल्या बर्फाचा चिखल दाखवतेस? उन्हाळ्यात ये."

उन्हाळ्यात आई गाई घेऊन वरच्या कुरणात. "इथे तुला निजवू कुठे, गवतात? गाई खाली उतरल्या की ये."

गाई गळ्यात फुलं घालून खाली उतरल्या, आणि त्यांच्या मागोमाग पिवळी पानं बघणारे लोक चढले. घर पुन्हा भरलं.

नोव्हेंबरात आई म्हणाली, "आता हिवाळा तोंडावर आलाय, बाळा. तुला ठाऊकच आहे."

रोस्वीताचा बांध फुटला. "ठाऊक आहे! माझ्या खोलीत हॉलंडवाले चालतात, पोटची पोर तेवढी नाही चालत!"

 मग आई म्हणाली, "दूध उतू जातंय," आणि फोन ठेवला. त्यानंतर दोघींचं बोलणं झालं ते फक्त वेरेनाच्या दातांबद्दल.

आणि फेब्रुवारीत, ऐन गर्दीत, कुणालाही न कळवता रोस्वीता पोरीला छातीशी बांधून निघाली. खोली नाही तर नाही. स्वयंपाकघरात आईच्या मांडीवर पोर घालायची, कपभर कॉफी प्यायची आणि संध्याकाळच्या बसने परतायचं, असा हिशेब होता.

गल्लीच्या वळणावरूनच दारावरची लाकडी पाटी दिसली. तिची लाल बाजू पुढे होती: 'भरलं'.

पाटी हिरवी असली तर खोली रिकामी, लाल असली की त्या घराची घंटा वाजवायची नाही, हे हिंटरलानचं पोर चालायच्या आधी शिकतं. रोस्वीताचा हात घंटेपर्यंत गेला आणि हवेतच थांबला. आपल्याच घराच्या दारात ती परक्यासारखी उभी राहिली. छपरावरचं वितळतं बर्फ वेरेनाच्या टोपीवर ठिबकायला लागलं. मग ती वळली.

"कोण गं ती? रोसी?" समोरच्या अंगणात फावड्याने बर्फ ओढणारे वेंडेलिनकाका ओरडले. "आलीस तशी चाललीस कुठे?"

"घर भरलंय काका."

"भरलंय म्हणे!" काका फावड्यावर रेलून हसले. "माझी कंबर भरलीय, तसं. अगं, नाताळात एक जोडपं स्की खांद्यावर घेऊन दारात रडकुंडीला आलं. तुझी आई म्हणते, वरची खोली गेली. कुणाला गेली? आत ना माणूस, ना माणसाचा बूट. अख्खं गाव म्हणतंय, तुझ्या आईचं, क्रेसेंत्सचं, डोकं फिरलं. ऐन हंगामात कुणी खोली रिकामी ठेवतं?"

रोस्वीताने वर बघितलं. तिच्या खिडकीच्या कठड्यावर दुलई उन्हाला टाकलेली होती. पाहुण्यांना पांढऱ्या दुलया देतात. ही लाल चौकड्यांची होती. घरच्या माणसाची. कोपऱ्यावर तिनेच लहानपणी वेडंवाकडं ठिगळ शिवलं होतं.

"रोज सकाळी टाकते," काका म्हणाले. "रोज संध्याकाळी आत घेते. कोण झोपतं त्यात, देव जाणे."

घंटा वाजवायची गरजच पडली नाही. आवाज ऐकून दार उघडलं. आईचे हात कोपरापर्यंत पिठात.

"एवढा उशीर?" ती म्हणाली. "दुलई झटकून झटकून पिसं बाहेर यायला लागली."

"सांगायचं होतंस ना गं."

"पाटी लावली होती की."

"बाहेरच्या माणसाला ती पाटी काय सांगते, आई?"

 परक्यांना अडवणारी पाटी लेकीलाही अडवते, हे आईच्या ध्यानातच आलं नव्हतं. पिठाचे हात बाजूला धरून तिने वेरेनाकडे नुसतं बघितलं. तोंड वाकडं झालं, पण रडू मात्र तिने येऊ दिलं नाही.

दुपारी वेरेना त्या खिडकीखाली झोपली. मूठ दुलईच्या ठिगळावर. सुळक्यावर ऊन होतं.  रोस्वीता पोरीचा श्वास ऐकत बसली.

"किती दिवस?" दारातून आईने हळूच विचारलं.

"रविवारी गेर्नोट न्यायला येतोय. निरोप धाडलाय त्याला."

"हं." आई ॲप्रनला हात पुसत राहिली. "मग चिखलात ये. चिखलही बघू दे तिला. उन्हाळ्यात वर कुरणात नेऊ, गवतात झोपेल, तूही झोपायचीस. गाई उतरतील तेव्हा तर यायलाच हवं."

"आणि हिवाळ्यात?"

आईने खिडकीतून खाली, दारावरच्या पाटीच्या दिशेने पाहिलं.

"तू गेलीस की ती हिरवी करायची असते," ती म्हणाली. "वेंडेलिनला सांगेन मी. माझा हात पोचत नाही."

पाटी आईच्या खांद्याइतक्याच उंचीवर होती.