दिव्याची तात्पुरती बदली

आत्माराम शिवलकर भाईंदर पूर्वेच्या एका स्टीलच्या डब्यांच्या कारखान्यात सुपरवायझर होते. अकरा वर्षांत त्यांच्याकडे तक्रारी पुष्कळ आल्या, पण लेखी एकही नव्हती. तोंडी तक्रारीला चहा पाजता येतो. लेखी तक्रारीला आवक क्रमांक द्यावा लागतो. त्यांनी दिला. एक.

तक्रार दिव्याची होती. दिव्या पालीची, समुद्राकडची. आई ताजे मासे विकायची, सुकवायचीही, आणि मुलगी चार वर्षं चेकिंगच्या टेबलावर बसत होती. काम दिसायला सोपं. तयार डब्याच्या कडेवरून बोट एकदा गोल फिरवायचं. कुठे बारीक धार राहिली असेल तर ती डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळते. दिव्याच्या हाताखालून गेलेला डबा दुकानातून परत आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. एक तारखेला चेकिंगच्या दोन बायका कायम होणार होत्या आणि यादीत पहिलं नाव तिचं होतं.

मग डिस्पॅच बघणाऱ्या मृणालिनीबाईंना वास आला. बाई गिरगावातून इकडे राहायला येऊन नऊ वर्षं झाली होती, पण अजून ‘तुमचं भाईंदर’ असंच म्हणायच्या. त्या आत्मारामांना म्हणाल्या, “माझं वैयक्तिक काही नाही हो. पण टेबल दारासमोर आहे, पार्ट्या येतात. त्या मुलीच्या घरी दोऱ्यांवर काय वाळत असतं, तुम्हाला माहितीच आहे.”

आत्मारामांनी दिव्याला मागच्या धुलाईच्या शेडमध्ये पाठवलं. तिथे पॉलिशचं मेण निघावं म्हणून डबे सोड्याच्या गरम पाण्यात बुडवून घासतात. दुसऱ्या दिवशी तिने कागद दिला. ‘मी डब्यात भाजी-चपाती आणते. माझ्या अंगाला वास येत नाही. माझी आई मासे सुकवते म्हणून मला मागे टाकलं. हा भेदभाव आहे. मला माझ्या टेबलावर परत घ्या.’

आत्मारामांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

“बस.”

“उभी बरी आहे. खुर्चीला वास लागेल.”

“असं बोलू नये गं. तुझी तक्रार मी गंभीरपणे घेतोय. मी स्वतः चौकशी करणार.”

“मला मागे कुणी पाठवलं?”

“मीच.”

“मग चौकशी कुणाची?”

“ते चौकशीत येईल.”

“दर रविवारी तुम्ही माझ्या आईकडून मांदेली नेता, साहेब. सोमवारी तुम्हाला कुठल्या शेडमध्ये पाठवतात?”

“माझी गोष्ट वेगळी. मी चौकशी अधिकारी आहे.”

“बरं, चौकशी होईपर्यंत तरी मला टेबलावर बसवा. सोड्याच्या पाण्याने बोटं जातात. मग चेकिंग कशाने करू?”

हे आत्मारामांना पटलं. पण त्यांनी विचार केला, की निकालाआधी हिला परत बसवलं तर आपण हिच्या बाजूचे आहोत असं दिसेल. चौकशी निःपक्षपाती हवी. म्हणून त्यांनी तिच्या बदलीच्या कागदावर ‘तात्पुरती’ हा शब्द वाढवला आणि खाली सही केली. चौकशीला एकवीस दिवसांची मुदत होती. ते सगळे वापरायचं त्यांनी ठरवलं. लवकर निकाल दिला तर लोक म्हणतात नीट बघितलं नाही.

त्यांनी सतरा जणांचे जबाब घेतले. जबाबाचा फॉर्म स्वतः बनवला. प्रश्न एकच: वास येतो का? खाली तीन चौकटी: होय, नाही, सांगता येत नाही.

पॉलिशवाला पराग म्हणाला, “साहेब, दिवसभर धूळ नाकात. मला अगरबत्तीचा पण वास येत नाही. काय लिहू?”

“तिसरं.”

टेबलावर दिव्याच्या शेजारी बसणारी मिनल म्हणाली, “तिच्या वेणीतल्या अबोलीचा पण मला वास येत नाही, साहेब. अबोलीला नसतोच. ते लिहू?”

“त्याला चौकट नाही.”

सतराच्या सतरा जणांनी तिसऱ्या चौकटीत खूण केली. आत्मारामांना हे एकमत फार आवडलं.

दहाव्या दिवशी शेडमधल्या आशाताई केबिनच्या दारात आल्या. बावीस वर्षं धुलाईत काढलेली बाई, पदराला हात पुसतच बोलायची सवय. “साहेब, पोरीच्या हातांची सालं निघतायत. हातमोजे फाटलेत, आतून पाणी शिरतं. तिला नुसतं डबे मोजायला बसवा ना.”

“आशाताई, मोजायला बसवलं म्हणजे ती आणखी एक बदली झाली. एका चौकशीत दोन बदल्या मी वर कशा दाखवू?”

“हातमोजे तरी?”

“मागणी टाकलीय.”

मागणी खरंच टाकली होती. तेराव्या दिवशी सकाळी गेटवरच्या हजेरीच्या मशीनने दिव्याचं बोट ओळखलं नाही. तिने चारदा लावलं. मागे रांग खोळंबली. धुलाईतल्या बाकीच्या बायकांची सही वहीतच घेतात, कारण मशीन त्यांना कधीच ओळखत नाही. आत्मारामांनी वहीत दिव्याचं नाव वाढवलं, आणि आपण तिची एक अडचण दूर केली, असं चौकशीच्या फाइलमध्ये नोंदवलं.

त्या रविवारी ते बाजारात गेले. दिव्याची आई टोपलीमागे बसली होती. तिने त्यांची मांदेली न विचारता साफ करायला घेतली.

“साहेब, पोर घरी काय बोलत न्हाय. हात पदरात लपवते. काम नीट हाय ना तिचं?”

“चौकशी चालू आहे, मावशी. न्याय होणार.”

“न्याय कसला? तिनं काय केलं हाय?”

“तिने काही नाही केलं. म्हणून तर.”

आईने मांदेली पिशवीत भरली. आत्माराम राहतात त्या इमारतीत मासे चालत नाहीत, म्हणून ती त्यांना नेहमी एकात एक घातलेल्या तीन पिशव्या द्यायची. आजही तीनच दिल्या.

एकविसाव्या दिवशी निकाल लागला आणि तो दिव्याच्या बाजूने लागला. हे कुणालाच अपेक्षित नव्हतं, बहुतेक आत्मारामांनाही नसावं. ‘वासाचा पुरावा नाही. तक्रारीत तथ्य आहे. तात्पुरती बदली रद्द.’ मृणालिनीबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत, आणि आपण न्यायासाठी किंमत मोजतोय असं आत्मारामांना वाटलं.

फक्त एक नियम होता. वीस दिवसांपेक्षा जास्त टेबलापासून लांब राहिलेल्या चेकरने परत बसण्याआधी परीक्षा द्यायची. हा नियम आत्मारामांनीच तीन वर्षांपूर्वी केला होता, आणि नियम सगळ्यांना सारखा असतो.

टेबलावर पन्नास डबे मांडले. त्यातले पाच खराब होते, कुठले ते फक्त आत्मारामांना माहीत. दिव्याने हात पदरातून बाहेर काढले. बोटांची टोकं पांढरी, गुळगुळीत, उकडलेल्या बटाट्यासारखी. ती पूर्वी न बघता बोट फिरवायची. आता डोळे बारीक करून बघत होती.

पहिले दोन खराब डबे तिने बाजूला काढले. तिसऱ्या खराब डब्याच्या कडेवर बोट फिरवलं आणि तो चांगल्या ढिगात ठेवला.

“पास?” आत्मारामांनी विचारलं.

“पास.”

स्टीलवर बारीक लाल रेघ उठली होती. ती आत्मारामांना दिसली. दिव्याला अजून काही कळलं नव्हतं. ती पुढच्या डब्याकडे वळली, आणि त्या डब्यावरही लाल उमटलं, तेव्हा थांबली. तिने बोट उलटं करून बघितलं, जसं दुसऱ्या कुणाचं असावं.

“बरी होतील?” तिने विचारलं.

“दोन-अडीच महिने लागतात म्हणतात. मग परत परीक्षा देता येईल.”

“यादी कधी जाते?”

“परवा.”

“म्हणजे टेबलावर नाही, तर यादीत नाही.”

“तो वेगळा विषय आहे. ते आता कामाच्या दर्जावर आहे. त्याचा तक्रारीशी संबंध नाही.”

“पण तक्रार तर मी जिंकले ना, साहेब?”

“हो. लेखी आहे.” त्यांनी निकालाची प्रत पुढे केली. “इथे मिळाल्याची सही कर.”

तिने सही केली. कागदाला रक्त लागू नये म्हणून पेन मुठीत धरला होता. मग प्रत घडी करून ब्लाउजमध्ये खोचली आणि मागच्या दाराने शेडकडे गेली, कारण शिफ्ट संपायला अजून तीन तास होते.

आत्मारामांनी रुमालाने दोन्ही डबे पुसले. एक चांगला होता, तो चांगल्यात ठेवला.