चार बोटं उघडी काच

मी बोलतोय तो वासुदेवरावांच्या ॲम्बॅसडरमधला एसी. गाडी कधीच विकली गेली, मी मागे राहिलो.

१९८२ साली नागपुरात मला डॅशबोर्डखाली बसवलं. वासुदेवरावांची हिंगणघाटला कापसाची जिनिंग होती आणि त्यांच्या ओळखीत कुणाकडे एसीची गाडी नव्हती. लोक यायचे, माझ्यासमोर हात धरायचे, ‘थंडा हाय’ म्हणून निघून जायचे. आमच्याकडे वस्तूचं कौतुक एवढंच होतं.

पुढच्या मे महिन्यात नागपूरहून निरोप आला. वासुदेवरावांच्या आईची, यशोदाबाईंची, धाकटी बहीण आनंदाबाई अंथरुणाला खिळली होती आणि रोज ताईची वाट पाहत होती. यशोदाबाईंना आदल्या उन्हाळ्यात ऊन लागलं होतं. आठ दिवस दवाखान्यात काढले होते.

“मी सकायच्या पॅसिंजरनं जातो ना,” त्या म्हणाल्या.

“घरी एशीची गाडी असून मायले रेल्वेनं धाडू? लोक काय म्हणतीन?” वासुदेवराव म्हणाले.

आणि नेमका तेव्हाच मी गरम वारा फेकत होतो.

वर्ध्याहून हरिदास मिस्त्री आला. मूळचा फ्रिज दुरुस्त करणारा. त्याने माझ्या नळ्यांच्या जोडांना साबणाचा फेस लावला. एका जोडावर बुडबुडे आले. “इथून गॅस जाऊन राह्यला,” तो म्हणाला. त्याने जोड बदलला, पंपाने आतली हवा ओढून काढली आणि नवा गॅस भरला. समोर हात धरला. थंड. मलाही बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर डोमाजी मालकांना घेऊन जाम गावापर्यंत चक्कर मारून आला. दोघेही घामाघूम. हरिदासला परत बोलावणं गेलं. उन्हाळ्यात त्याला उसंत कुठली. तो आठवड्याने आला. दाबाचे काटे बरोबर दाखवत होते, तरी मालकांच्या समाधानासाठी त्याने सगळा गॅस काढून पुन्हा भरला. पुन्हा जाम, पुन्हा घाम. यात पंधरा दिवस गेले. यशोदाबाईंची पिशवी भरून ओसरीवर ठेवलेलीच होती.

तिसऱ्या खेपेला हरिदास स्वतः गाडीत बसला. गाव सुटताच डोमाजीने आपल्या बाजूची काच चार बोटं खाली केली. मागे वासुदेवरावांनीही केली.

“काऊन उघडली?” हरिदासने विचारलं.

“हवा निंगाले जागा नाई देली तं उमस होते. घरी कूलर लावला का खिडकी उघडीच ठेवा लागते.”

“हा कूलर नोहे, डोमाजी.”

हरिदासने काचा बंद करायला लावल्या. जाम येईपर्यंत वासुदेवरावांनी गळ्याचं बटण लावलं होतं. काचांचं हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण मला तोंड फक्त वाऱ्यापुरतं दिलं आहे. राग आला नव्हता असं मी म्हणणार नाही.

त्याच दुपारी आम्ही नागपूरला निघालो. बाहेर डांबर वितळत होतं. आत यशोदाबाई शाल पांघरून बसल्या होत्या. इतकं चांगलं काम मी आयुष्यात दुसऱ्यांदा केलं नाही.

परतताना डोमाजीने विचारलं, “भेट झाली ना, माय?”

“झाली. कालपावतर बोलत होती म्हणे. ‘ताई आली काय,’ असं इचारे. आज तिनं डोयेच नाई उघडले.”

बुटीबोरी मागे पडली. मग त्या म्हणाल्या, “बंद कर बाप्पा ते.”

डोमाजीने मला बंद केलं. वासुदेवराव खिडकीबाहेर पाहत होते. लोक काय म्हणतील, हे त्या दिवशी ते बोलले नाहीत. मला फार वाईट वाटलं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

पुढे गाडी विकली, तेव्हा घेणाऱ्याने मला काढून टाकायला लावलं. आज, १९८८ साली, मी हरिदासच्या दुकानात फळीवर आहे. माझा पंखा दुसऱ्या कुणाला लागला. कुणाला मी हवा असेन तर जरूर न्या; नवा पंखा बसवला, की थंड हवा देण्यात मी अजून चोख आहे. एवढीच विनंती, की भर उन्हाळ्यात तुमची कुणी वाट पाहत असेल, तर माझी दुरुस्ती होईपर्यंत थांबू नका.