हौसाबाईचा शनिवार

"कौन्सिलच्या बाई शनिवारी येऊन राह्यल्या, काकू," रंगराव पाटलांनी मळ्याच्या धुऱ्याच्या बांधावर उभं राहून सांगितलं, आणि सांगून होताच दोन पावलं मागे सरकले. हौसाबाईला काही सांगायचं तर अंतर राखून सांगावं, हे पाटलांनाही कळत होतं.

हौसाबाई वांगी तोडत होती. हात थांबला नाही. "येऊ द्या. जातानी वांगे नेतीन थोडे."

"वांग्यासाठी नाही येत. तुमची तक्रार गेली अकोल्याले, जिल्हा कौन्सिलात. पोरक्या लेकराले शिव्या देता म्हणून. बाईले पटलं तं अंजनाले अमरावतीच्या अनाथाश्रमात नेतीन."

आता मात्र हात थांबला.

"कोणं केली तक्रार?"

"मी काय सांगू?" असं म्हणत पाटील शेजारच्या मळ्याकडे बघायला लागले. तो मळा सोजरबाईचा. एवढ्यावर हौसाबाईला सगळं समजलं.

अंजना ही पंचफुलाची लेक, दहा-अकरा वर्षांची. बाप कधीचाच साप चावून गेला होता आणि गेल्या हिवाळ्यात पंचफुला तापाने गेली. ना काका, ना मामा. तेव्हा गाव चावडीवर बसलं आणि सात घरांनी पोरीला वार लावून दिले. सोमवार सोजरबाईकडे, मंगळवार पाटलांकडे, असं करत शनिवार हौसाबाईच्या वाट्याला आला. जिथे वार, तिथेच त्या दिवशी जेवण आणि झोप. शेलूबाजारपर्यंत लोक म्हणायचे, गाव असावं तर असं. त्यात खोटं काही नव्हतं. पोरगी उपाशी राहिली नाही, उघडी राहिली नाही.

आणखी एक रीत त्या भागात होती. आई गेलेल्या लेकराला वर्षश्राद्ध होईपर्यंत कोणी आवाज चढवून बोलत नसे. बोललं तर आईचा जीव घुटमळत राहतो, असं मानायचे. सहा घरांनी ती रीत डोळ्यांत तेल घालून पाळली. सोजरबाई तर अंजनाला पाट मांडून वाढायची, वर तूप सोडायची, आणि पोर ताट उचलायला गेली की म्हणायची, "राहू दे व माय, तू कायले उचलतं?"

हौसाबाईने पहिल्याच शनिवारी पोरीच्या हातात खुरपं दिलं. दुसऱ्या शनिवारी तिला दांडावर बसवलं, एक वाफा भरला की पाणी पुढच्या वाफ्यात फिरवायला. पोरीचं ध्यान कुठे गेलं कोण जाणे, दांड फुटला आणि कोवळी मेथी आडवी झाली. मग हौसाबाईने जे तोंड सोडलं, ते मोटेवरच्या बैलांनीही कान टवकारून ऐकलं. धुऱ्यापलीकडे सोजरबाईने दोन्ही कानांना हात लावले. त्यानंतर असा एकही शनिवार गेला नाही की अंजनाला शिव्या बसल्या नाहीत. कधी केस विंचरले नाहीत म्हणून, कधी वेणी घालताना हलली म्हणून.

त्या रात्री गुलाबराव बायकोला म्हणाले, "एक दिवस तोंड आवरजो. फक्त शनिवार. नाही तं पोट्टी हातची जाईन."

गुलाबराव बोलायचे कमी. बोलले की हौसाबाई ऐकून घ्यायची, कबूल मात्र करायची नाही. "मले गोड बोलता येत नाही असं वाटते काय तुमाले?" ती म्हणाली. "माह्या लग्नात सासूबाईनं माह्या जिभेची तारीफ केली होती."

"तवा तू बोललीच नव्हती," गुलाबराव म्हणाले आणि कूस बदलून झोपले.

पण तिने मनावर घेतलं. ती शाळेत दोनच वर्षं गेलेली, सहीपुरतं अक्षर. पण ठरवलेलं काम आजवर हुकलं नव्हतं. पोर अमरावतीला जाणार नाही, हे ठरलं. त्यासाठी साखर पेरायची तर साखर.

शनिवारी कौन्सिलच्या बाई बैलांच्या दमणीतून उतरल्या. खादीचं लुगडं, चष्मा, आणि नजर अशी की पातेल्याच्या तळाला काय लागलंय तेही दिसावं. त्या सहाही घरं हिंडून सर्वांत शेवटी हौसाबाईच्या अंगणात आल्या. मागे पाटील, सोजरबाई आणि कौतुक पाहायला निघालेल्या चार बाया.

तेवढ्यात अंजना मळ्यातून आली. पाय चिखलाने भरलेले, आणि तशीच सारवलेल्या ओसरीवर चढली. गुलाबरावांनी डोळे मिटले.

"ये व माय," हौसाबाई म्हणाली. आवाज असा मऊ की पाटलांनी आधी दुसरीच कोणी बोलली असं समजून मागे पाहिलं. "दमली असशीन. बस. पाट मांडला तुह्यासाठी."

अंजना जागच्या जागी थांबली. तिने पाटाकडे पाहिलं, हौसाबाईकडे पाहिलं, चष्म्याच्या बाईंकडे पाहिलं. मग पाय पोटाशी घेऊन पाटाच्या कडेला बसली. हौसाबाईने ताट वाढलं, भाकरीवर लोणी ठेवलं. "खाय व बाई, लाजू नको."

पोरीने घास मोडलाच नाही. ती उठली, आत गेली आणि गाठोडं घेऊन बाहेर आली. आईचं लुगडं आणि एक फणी, एवढंच होतं त्यात. ती सरळ कौन्सिलच्या बाईंजवळ जाऊन उभी राहिली.

"चला," ती म्हणाली.

"कुठं, बाळ?" बाईंनी विचारलं.

"तुमी मले न्यायले आल्या ना?"

"असं कोणी सांगितलं?"

"हिनं पाट मांडला." अंजनाने गाठोडं छातीशी धरलं. "घरच्या माणसाले कोणी पाट मांडते काय?"

आणि मग हौसाबाईची साखर जी संपली, ती एकदम संपली.

"ठेव ते गाठोडं! चालली मोठी अमरावतीले! अन् हे पाय पाह्य, हे पाय! माणसाचे हायेत का म्हशीचे? सकाळी सारवलं मी, कंबर मोडून! मिरच्या कोण तोडीन, तुहा आजा?"

"मंग पानी कायले भरून नाही ठेवलं पाय धुवाले?" अंजना तितक्याच मोठ्याने ओरडली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण गाठोडं खाली आलं होतं. "दर शनिवारी सांगते पाय धू, पाय धू, अन् पान्याचा गुंड रिकामाच!"

"पाहा, पाहा, वरून तोंड चालवते!"

"ऐकलं ना बाई?" सोजरबाई पुढे झाली. तिला खरंच वाईट वाटत होतं. "अशी बोलते लेकराले. पंचफुलीचा जीव घुटमळत असंन इथंच."

"पंचफुली तिले माह्या दुप्पट शिव्या देत होती," हौसाबाई गरजली. "ऐकून तिचा जीव निवांत झोपला असंन!"

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला. हसू लपवायला की खरंच धूळ होती, ते कळलं नाही.

"सोजरबाई, सोमवारी तुमच्या घरी ही कधी उलटून बोलली?"

"नाही व बाई! गरीब गाय हाय."

"काही मागितलं कधी? हट्ट केला, रुसली?"

सोजरबाई विचारात पडली. "नाही," ती हळूच म्हणाली. "कधीच नाही."

बाई पाटलांकडे वळल्या. "तुमच्या गावानं पोरीला चांगलं सांभाळलं, ते मी कौन्सिलात सांगेन. पण सहा घरी पाहुणचार झाला, राहायला घर एकच सापडलं. आजपासून वार बंद. अंजना इथंच राहील. आणि हौसाबाई, तिला शाळेत घालायचं."

"सकाळी शाळा, मंग मळा," हौसाबाई म्हणाली. "पोट्टी हुशार हाय. पण तिच्यापुढं नोका सांगू, डोक्यावर बसंन."

अंजना तोवर रिकामा गुंड कमरेवर घेऊन विहिरीकडे निघाली होती. चिखलाची पावलं ओसरीभर तशीच.

"सहा महिन्यांनी येऊन पाहीन," बाई दमणीत बसता बसता म्हणाल्या.

"या. वांगे ठेवले हायेत दमणीत, घेऊन जा," हौसाबाई म्हणाली. "अन् पुढच्या खेपेले न सांगता या. सांगून आल्या की घरातल्या लेकराले भेव वाटते."