जास्तीचं अक्षर

"चूक जिथे झाली तिथेच खोडायची. समासात बारीक अक्षरात नाही." हिब्रू शिकवायला घेतलं त्या पहिल्याच दिवशी सासऱ्यांनी तिला बजावलं होतं. नव्या सुनेनं नुसती मान डोलावली, तर म्हणाले, तोंडानं बोल. "खोडीन, बाबा," ती म्हणाली होती.

आता बाबांची दृष्टी गेली होती. रोज जेवणाआधी ती त्यांना हिब्रू पवित्र शास्त्रातलं एखादं गीत वाचून दाखवी. हा नेम मोडायचा नाही, म्हणून आजही परिसंवादाच्या मधल्या सुट्टीत ती घरी आली होती.

वाद जुनाच. एक गीत राजांच्या काळातलं, की राज्य बुडून लोक बंदिवासात गेले त्यानंतरचं, काही शतकं उशिराचं? बाबा जन्मभर ते जुनं मानत आले. सकाळच्या निबंधात तिनं दावीद राजाच्या नावावर बोट ठेवलं. उच्चार तोच, पण उशिराच्या ग्रंथांत त्या नावात योद हे चिमुकलं अक्षर जास्तीचं येतं. या गीतात ते आहे, म्हणजे गीत उशिराचं. कुणीतरी बाबांच्या मताबद्दल विचारलं, तेव्हा ती बोलून गेली की श्रद्धेचा चष्मा लावला की सगळंच जुनं दिसतं. सभागृह हसलं. पहिल्या रांगेतले बाबाही हसले, हसण्याचा आवाज आला त्या बाजूला तोंड करून. मग तिच्या नवऱ्यानं त्यांना हाताला धरून घरी नेलं.

"आज तेच गीत वाच," बाबा म्हणाले.

तिनं सर्वांत जुन्या हस्तलिखित प्रतीच्या छायाचित्रांचं पुस्तक उघडलं. निबंधासाठी तिनं छापील पाठ वापरला होता, हे उघडलंच नव्हतं. वाचत वाचत ती राजाच्या नावापाशी आली. योद नव्हता. भिंग धरून पाहिलं. खाडाखोड नाही, मोकळी जागासुद्धा नाही. पुढच्या कुणा लेखनिकानं आपल्या काळच्या वळणानं ते अक्षर घातलं होतं, आणि तिनं लेखनिकाचा काळ कवीला चिकटवला होता.

उच्चार तोच. तशीच पुढे वाचत गेली असती तर त्यांना कळलंही नसतं. निबंध छापताना एक तळटीप घालता येईल, असंही मनात आलं. तिनं भिंग खाली ठेवलं.

"का गं, अक्षर लागत नाही?"

"लागतंय, बाबा. इथे योद नाहीये."

बाबांनी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. "म्हणून गीत जुनं ठरलं असं नाही हं," ते म्हणाले. "तुझा पुरावा गेला, एवढंच."

"आणि मी ते चष्म्याचं बोलले ते?"

"तो मी केव्हाच काढून ठेवलाय."

त्यांना दिसत नव्हतं, तरी तिला मान वर करवेना. तिनं गीत शेवटपर्यंत वाचलं, त्यांचं ताट वाढलं आणि तुम्ही जेवून घ्या म्हणाली. मग ते जड पुस्तक छातीशी धरून, दार हलकेच ओढून घेऊन, समारोप सुरू व्हायच्या आत पोचायचं म्हणून ती सभागृहाकडे निघाली.