जिथे खायला नाही, तिथे बोलावणं नाही

कुणीतरी बातमी लपवायची म्हणून ती छापली. हो, छापली. चौसष्ट प्रती काढल्या, चौसष्ट दारांवर लावायला दिल्या, आणि लपवली. ज्याने हे केलं त्याचं नाव मला माहीत नाही. त्याचं त्याला माहीत आहे.

मी चौकट बोलतेय. पारदर्शक प्लास्टिकची, चार स्क्रूंवर उभी, वरून कागद सरकवायला फट असलेली. माझा पत्ता सांगायची मला लाज वाटत नाही, तुम्हाला नाक मुरडायचं असेल तर खुशाल मुरडा. आयोवातलं एक छोटं कॉलेज, विटांची जुनी इमारत, तळमजला, मुलींचं स्वच्छतागृह, दुसरं दार, आतली बाजू. बसलेल्या माणसाच्या बरोबर डोळ्यांसमोर.

साच्यातून निघाले तेव्हा मला वाटलं होतं, माझ्यात कुणाचा तरी फोटो बसेल. नवरा-नवरी, निदान एखादं कुत्रं. त्रेसष्ट बहिणींबरोबर खोक्यातून इथे आले. कॉलेजच्या सुताराने मला दारावर ठोकलं, समोर बसून मी सरळ आहे का ते पाहिलं आणि म्हणाला, "चर्चमध्येसुद्धा लोक समोर इतकं टक लावून बघत नाहीत." त्या दिवशी मला वाईट वाटलं. आता वाटत नाही.

कारण या कॉलेजात मन लावून वाचलं जातं ते फक्त माझ्यापाशी. चहूकडे मक्याची शेतं, मधे हजारभर मुलं, आणि त्या हजारांसाठी आठवड्याला चाळीस कार्यक्रम. जनसंपर्क कार्यालय ईमेल पाठवतं, त्या कुणी उघडत नाही. जिन्यातल्या फलकावर कागदावर कागद इतके चढलेत की खालच्या थरात मागच्या निवडणुका असतील. म्हणून दर दुसऱ्या सोमवारी 'दाराआडची बातमी' नावाचं एक पान निघतं आणि माझ्यात सरकवलं जातं. गायनवृंदाची चाचणी. मधमाश्या का मरताहेत यावर व्याख्यान. परीक्षेच्या आठवड्यात कुरवाळायला कुत्री.

अकरा वर्षं मी वाचणाऱ्यांचे डोळे पाहतेय. ते कार्यक्रमाच्या नावावर थांबत नाहीत, वक्त्यावर तर नाहीच. सरळ ओळीच्या शेवटी जातात. तिथे लिहिलेलं असतं: पिझ्झा मिळेल. डोनट आणि सफरचंदाचा गरम रस मिळेल. कुत्र्यांच्या कार्यक्रमालाही बिस्किटं असतात, मुलांची वेगळी आणि कुत्र्यांची वेगळी. इथे फुकट खाणं नसेल तर काळं कुत्रंही फिरकत नाही, हे कॉलेजातल्या प्रत्येक टेबलामागच्या माणसाला ठाऊक आहे. म्हणून ज्याला माणसं हवी असतात तो खायला घालतो.

मग ज्याला माणसं नको असतात तो काय करतो?

अकरा वर्षांत माझ्यात तीन सूचना अशा आल्या, ज्यांच्या शेवटी खायचं काही नव्हतं. तिन्हींत 'खुला संवाद' हे शब्द होते आणि 'सर्वांचं स्वागत आहे' हे वाक्य होतं. पहिलीनंतर पोहण्याचा तलाव बुजवला. दुसरीनंतर लॅटिन शिकवणारे सर गेले. तिसरीनंतर ग्रंथालय रविवारी बंद राहू लागलं. मला संशयी म्हणा. माझ्या जागी दारावर लटकून बघा, मग म्हणा.

पान बदलायला येते डार्ला कुचेरा. बावीस वर्षं ती इथे सफाईचं काम करते. तिची ढकलगाडी कॉरिडॉरच्या टोकापासून कुरकुरत येते. जुनं पान ओढायचं, नवं सरकवायचं, कडा अंगठ्याने सारखी करायची, पुढचं दार. चष्मा दोरीने गळ्यात लटकलेला असतो, पण पानासाठी ती तो कधीच चढवत नाही. एकदा कुणीतरी विचारलं तेव्हा म्हणाली होती, "पोरींच्या मौजमजेचं असतं गं ते. चौसष्ट दारं आहेत मला. वाचत बसले तर दिवाळं निघेल."

तिची मुलगी मॅलरी इथेच शिकते, दुसऱ्या वर्षाला, भूगर्भशास्त्र. नखांत दगडांची भुकटी असते, त्यावरून मी तिला ओळखते. कर्मचाऱ्यांच्या मुलांना इथे फी नाही. गावातल्या किती बायका केवळ त्या एका गोष्टीसाठी वर्षानुवर्षं इथली जमीन पुसताहेत, भांडी घासताहेत, हे सगळ्यांना माहीत आहे. कॉलेज चालवणारे जे विश्वस्त दुपारी गुळगुळीत टेबलाभोवती बसतात त्यांनाही.

तर नोव्हेंबरातल्या दुसऱ्या सोमवारी डार्लाने नवं पान सरकवलं. वर भोपळे कोरायच्या स्पर्धेचा निकाल, मधे नाटकाच्या तालमी, आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरांत: 'कर्मचारी-कुटुंब शिक्षण सवलतीच्या पुनर्रचनेबाबत विश्वस्तांशी खुला संवाद. बुधवार, दुपारी साडेतीन, विश्वस्त दालन. सर्वांचं स्वागत आहे.'

आणि पुढे काही नाही. बिस्किटसुद्धा नाही.

तो बुधवार कोणता? पुढच्या आठवड्यातला, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या दिवसाचा. बारा वाजता वर्ग सुटतात आणि एकपर्यंत पोरं घरी जायला निघालेली असतात. साडेतीनला या आवारात खारी सोडल्या तर कुणी नसतं. पण कॉलेजचा नियम आहे, असा बदल करायचा तर आठवडाभर आधी सर्वांना कळवायचं. कळवलं! नियम पाळला! चौसष्ट दारांवर! आणि ज्या बाईच्या ताटातलं काढून घ्यायचं, तिच्याच हाताने ते पान लावून घेतलं.

मला तोंड असतं तर मी त्या दिवशी ओरडले असते. मी फक्त पारदर्शक आहे. जे आत घालाल ते दाखवते.

पान लागलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी सकाळी, माझ्या दाराआड इनेस बसली होती. शिकागोची मुलगी, मॅलरीच्या खोलीत राहते, सगळ्याच गोष्टींची घाई. शेजारच्या दाराआड नेब्रास्कातली ब्रिन. दोघी भिंतीतून बोलतात, तशी इथे पद्धतच आहे.

"ब्रिन, तुझ्या समोरचं पान वाच. सगळ्यात खालचं."

"वाचतेय. खायला काय आहे?"

"तेच तर. काहीच नाही."

पलीकडून ओळ पुटपुटत वाचल्याचा आवाज आला. मग ब्रिन म्हणाली, "अगं, ही तर मॅलरीची फी!"

"पुनर्रचना म्हणे. घर पाडायचं असलं की यांची पुनर्रचना होते. आणि बुधवार बघ."

"बुधवारी तर सगळे घरी जातात. माझा बाप एक वाजता ट्रक घेऊन येतोय."

"त्याला सांग, साडेतीनला जेवायला ये."

"जेवायला काय?"

इनेसने पिशवीतून जाड काळा मार्कर काढला. टोपण दातात धरलं. आणि माझ्या अंगावर, त्या बारीक ओळीच्या बरोबर खाली, बोटाएवढ्या अक्षरांत लिहिलं: 'राजम्याची चिली आणि दालचिनीचे रोल. पोटभर. फुकट.'

अकरा वर्षांत माझ्या आत शेकडो शब्द आले नि गेले. माझ्यावर कुणी लिहिलं ते पहिल्यांदाच. खरं सांगते, मी घाबरले. खोटेपणाचा संशय घेत आयुष्य गेलं आणि आता खोटं माझ्याच अंगावर.

इनेसने दार उघडलं. ब्रिन तिच्या दाराबाहेर येऊन आत डोकावून वाचत होती. "अगं बये, पण चिली आहे कुठे?"

"आधी जाहीर करायचं, मग तयारी. या कॉलेजात सगळं असंच चालतं."

"आणि दालचिनीचे रोल कशाला? तूच तर हसतेस आम्हाला."

"हसतेच. तिखट चिलीत गोड रोल बुडवून खाणारी माणसं तुम्ही! पण त्यासाठी तुम्ही घरसुद्धा विसराल, म्हणून लिहिलं. चल, त्रेसष्ट दारं उरलीत. मुलांच्या बाजूला तू दार वाजव."

दुपारी कुरकुरत गाडी आली. डार्ला पुसायला आली होती. मार्करचा डाग दिसला की पुसायचा, हे तिचं काम. तिने माझ्यावर औषध फवारलं, फडकं टेकवलं. 'राजम्याची' मधला 'रा' अर्धा गेला. मला कळून चुकलं, संपलं. ज्या ओळीने तिच्या मुलीला वाचवायचं, ती ओळ हीच पुसणार, आणि तिला कळणारही नाही.

पण डार्ला मान तिरकी करून थांबली. चिली कोण कुठे फुकट वाढतंय, एवढंच तिला बघायचं असेल. आयोवातल्या माणसाने ते न बघता पुढे जाणं शक्य नाही. तिने चष्मा डोळ्यांवर चढवला. माझ्यावरचं वाचलं. मग माझ्या आतलं वाचलं. ओठ हलवत, एकेक शब्द. 'पुनर्रचने'पाशी परत मागे गेली.

ती भिंतीला टेकली. हातातलं फडकं गळून पडलं, ते तिने उचललं नाही. बराच वेळ अंगठ्याने माझी कडा सारखी करत राहिली. कडा सारखीच होती.

"काल मीच लावलं," ती म्हणाली. कुणालाच नाही. "चौसष्ट वेळा मीच लावलं."

मग फोन काढला. "रोझेन? स्वयंपाकघरातच आहेस ना? ऐक. तुझा धाकटा पुढच्या वर्षी इथे येणार आहे ना? ... मग आता मला एवढंच सांग, चिलीची मोठी पातेली किती आहेत आपल्याकडे?"

फडकं तिने उचललं, घडी करून गाडीत ठेवलं. अर्धा 'रा' तसाच राहिला.

पुढच्या आठवड्यात, त्या बुधवारी, मी सभेला गेले नाही. दार गेलं असतं तर मी गेले असते. पण विश्वस्त दालन याच मजल्यावर, दोन भिंती पलीकडे आहे. दरवर्षी त्या दुपारी इथे इतकी शांतता असते की नळाचा थेंब मोजता येतो. यंदा तीन वाजल्यापासून पावलं. बुटांची, चिखलाची, ट्रकवाल्या बापांची. दालचिनीचा वास दाराखालच्या फटीतून माझ्यापर्यंत आला. आपण लिहिलेलं खरं झाल्याचा वास कसा असतो, ते मला त्या दिवशी कळलं.

मधेच दोन प्राध्यापिका हात धुवायला आल्या.

"किती माणसं असतील गं?"

"चारशे तरी. विश्वस्तांच्या अध्यक्षांनी सोळा खुर्च्या मांडल्या होत्या."

"डार्ला बोलली ते ऐकलंस?"

"हातात डाव होता तिच्या! म्हणाली, 'तुम्ही हिला सवलत म्हणता. पलीकडच्या कारखान्यात मला जास्त पगार मिळत होता, मी गेले नाही. मूल शिकेल म्हणून बावीस वर्षं राहिले. ही सवलत नाही, हा माझा पगार आहे, आणि तो मी कमावलाय. माझी मॅलरी अर्ध्या वाटेवर आहे. उरलेली वाट तुम्ही कुठल्या नियमाने उचलून नेणार?'"

"आणि अध्यक्ष?"

"तोंडात रोल होता. गिळेपर्यंत टाळ्या सुरू झाल्या."

दोघी हसल्या. मग एक जण हात पुसता पुसता म्हणाली, की मतदान झालं नाही, समिती नेमणार आहेत. दुसरी म्हणाली, "जिंकलो म्हणायचं."

मी म्हणत नाही. समिती हा शब्द मी पूर्वीही माझ्यात ठेवून पाहिलेला आहे. त्यात घातलेली गोष्ट मरत नाही. ती लोकांच्या लक्षातून जाईपर्यंत तिथे ठेवतात, एवढंच. मॅलरीची अजून अडीच वर्षं बाकी आहेत आणि विश्वस्तांना घाई नाही. घाई फक्त आम्हालाच असते. ज्यांचं जायचं असतं, त्यांना.

आता माझी अवस्था. मार्कर पुरता निघत नाही. जनसंपर्क कार्यालयाने तीनदा तक्रार केली, डार्लाने तीनदा 'प्रयत्न करते' असं कळवलं. उन्हाळ्यात आम्हा चौसष्ट जणींना काढणार, असं ऐकते. कार्यक्रम यापुढे फोनवर येतील. येऊ देत. पण फोनवरची सूचना बोटाने सरकवली की नाहीशी होते, आणि तिच्यावर कुणाला मार्करने लिहिता येत नाही. हे ज्याला सुचलं त्याला हेही सुचलं असणार, असा मला दाट संशय आहे.

जायच्या आधी तुमच्याकडे एक मागणं आहे. तुम्ही कुठेही राहत असाल, तुमच्या भिंतीवर, दारावर, जिन्यात कागद लागत असतील. ते शेवटपर्यंत वाचा. सगळ्यात बारीक अक्षर आधी वाचा. तारीख बघा, आणि त्या दिवशी तुम्ही कुठे असाल असं त्यांनी धरलंय तेही बघा. मला अकरा वर्षं लागली हे शिकायला, तुम्ही एवढा वेळ लावू नका.

काल सोमवार होता. डार्ला नवं पान घेऊन आली. आता ती सरकवण्याआधी चष्मा लावते, आणि दार सताड उघडं ठेवून मोठ्याने वाचते, ऐकायला कोणी असो नसो. गायनवृंद, हिवाळी नाटक, कुत्री. मग तळाची ओळ: "शिक्षण सवलत समितीची पहिली बैठक. विश्वस्त दालन. तारीख नंतर कळवण्यात येईल." ती थांबली. ओळ पुन्हा वाचली.

बेसिनपाशी एक मुलगी दात घासत होती, पहिल्या वर्षाची असावी, मी तिला याआधी पाहिलेलं नव्हतं. तिने चूळ भरली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "तारीख दिली नाही म्हणता, मिस डार्ला? मग रोजच जाऊन बसू की."