शेवटच्या अंकातल्या शिट्ट्या

स्वरदा आयटीत नोकरीला होती, मूळची अकोल्याची. नांदे गावात यात्रेचे पुढारी कुशाबा यांच्या खोलीत भाड्याने राहायची. ती लिहिते हे कळल्यावर गावच्या यात्रेसाठी नाटक लिहून द्या, असा त्यांनी हट्टच धरला.

तिने शोकांतिका लिहिली. बांधाच्या भांडणात एकाचा खून होतो. खुनी पकडला जातो, खटला उभा राहतो. पण मयताच्या भावाला दम निघत नाही. खुनी तुरुंगात, म्हणून तो खुन्याच्या धाकट्या, कॉलेजात जाणाऱ्या भावाला कोयत्याने मारतो. शेवटी त्याची स्वतःची आईच त्याला घरात घेत नाही.

तालमीत, बदला घेणाऱ्या भावाचं काम करणारा राजू म्हणाला, "म्याडम, शेवट बदला की. आईनं मला ओवाळलं पायजे."

"का? त्या पोराने काय केलं होतं?"

"त्येच्याच घरातला हाय ना? बास की."

तो गंमत करतोय, असं स्वरदाला वाटलं.

प्रयोगाच्या संध्याकाळी राजूने कोयता उगारला आणि मैदान शिट्ट्यांनी भरून गेलं. पोराचं काम करणारा निषाद कोसळला. "आजून एक घाल!" कुणीतरी ओरडलं. कुशाबा हार घेऊन स्टेजवर चढले, मागून पाच-सहा जण. कुणाचा तरी बूट निषादच्या बोटांवर पडला. तो कळवळला, खाली कुणी बघितलंच नाही.

आईचं काम अनसूया करत होती. तिचा सख्खा भाऊ असाच दुसऱ्याच्या गुन्ह्याच्या बदल्यात मारला गेला होता. गावाला ते ठाऊक होतं. तिने राजूच्या गळ्यातला हार ओढून तोडला.

"ह्याला न्याव म्हनता? खुन्याला कोर्ट बगत हुतं. ह्या लेकरानं कुनाचं काय केलं हुतं? शी! सरका, हात लावू नगा मला!"

हे वाक्य नाटकात नव्हतं. लोकांना ते नाटकातलंच वाटलं. मग टाळ्यांचा कडकडाट.

"अनसूयाताईंच्या अभिनयाला कुशाबांकडून रोख बक्षीस!" माईकवर पुकारा झाला.

अनसूया स्टेजवरून उतरली आणि तोंडाचा रंगही न पुसता घरी गेली.

दोन दिवसांनी चौकात फ्लेक्स लागला. कोयता उगारलेला राजू, वर 'न्याय' आणि खाली लेखिका म्हणून तिचं नाव.

"काका, तो फ्लेक्स काढायला सांगा."

"अवो, लई नाव झालं तुमचं!" कुशाबा हसले आणि पेढ्यांचा बॉक्स पुढे केला. त्यातला पेढा तिच्याने हातात धरवेना.

ऑफिसला जाताना तिने भर चौकात कटरने आपलं नाव कापून काढलं. तेवढ्याने किळस जाईना. मग तिने दोऱ्या कापल्या आणि अख्खा फ्लेक्स खाली ओढला. पानाच्या टपरीवरचे सगळे बघत राहिले.

त्या महिन्यात कुशाबांनी तिला खोली सोडायला सांगितली. सामान टेम्पोत चढवायला अनसूया आली होती.